भरवशाच्या माणसाची सूटकेस

…आणि वर मलाच विचारतात, "एव्हारिस्तो, तू तोंड उघडलंस कशाला?" कशाला म्हणजे? माणसानं समोर उभं राहून प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं! तोंड त्यासाठीच दिलंय ना देवानं? का नुसतं शोरीसो खायला दिलंय? शोरीसोचं नाव काढू नका माझ्यासमोर. म्हणजे मीच काढलं, पण तुम्ही काढू नका. आमच्या बेटावरचं शोरीसो म्हणजे डुकराचं मांस, लसूण, लाल मिरची, आतड्यात ठासून भरायचं नि चुलीच्या धुरावर टांगून ठेवायचं, आणि मग ते… जाऊ दे. तोंडाला पाणी सुटतं नि डोकंही तापतं, दोन्ही एकदम. या वयात बरं नाही ते.

तुम्हाला सांगतो, मी भरवशाचा माणूस. हे मी म्हणत नाही, अमेरिकेचं सरकार म्हणतं! कार्ड दिलंय तसं. माझ्या फोटोसकट!

आता हे कार्ड काय, तर बॉस्टनला विमानातून उतरलात की पुढे एक मोठा हॉल लागतो आणि त्या हॉलमध्ये रांग असते. रांग कसली, अजगर! इकडे वळते, तिकडे वळते, पोरं रडतात, म्हातारे टेकायला भिंत शोधतात, आणि दोरीपलीकडे एक माणूस उभा असतो, तो फक्त एवढंच म्हणतो, "पुढे चला, पुढे चला." कुठं चला? पुढे माणूस आहे! दर उन्हाळ्यात मी गावच्या उत्सवाला भर समुद्रातल्या आमच्या साओ मिगेल बेटावर जाणार, येताना या अजगराच्या पोटात शिरणार, आणि बाहेर पडेपर्यंत गुडघे म्हणणार, पाशेको, आम्ही इथंच थांबतो, तू हो पुढे. कार्ड असलं की हे काही नाही. बाजूला वेगळी वाट. मशीनसमोर उभं राहायचं, मशीन तोंड बघतं, ऑफिसर मान हलवतो, की झालं. घरात शिरावं तसं देशात शिरायचं.

माझ्या लेकीनं, लुसिंडानं, सुचवलं. "बाबा, कार्ड काढा. तुमच्यासारख्यांसाठीच आहे ते." म्हटलं, माझ्यासारख्यांसाठी म्हणजे गुडघे गेलेल्यांसाठी? म्हणते, "नाही हो, ज्यांच्यावर सरकारचा भरवसा आहे त्यांच्यासाठी." मग मी कोट घातला.

मुलाखत असते त्याची. बसलो. ऑफिसर पोरगाच होता, दाढीपण नीट आली नव्हती. "कधी अटक झालीय?" नाही. "कधी काही लपवून आणलंय?" नाही. "नक्की?" अरे, नाही म्हटलं ना! मग म्हणतो, बोटं ठेवा या काचेवर. ठेवली. मशीन गप्प. पुन्हा ठेवा. पुन्हा गप्प. पुसून ठेवा, दाबून ठेवा, अंगठा ठेवा, दुसरा अंगठा ठेवा. मशीनचं म्हणणं, या माणसाला बोटंच नाहीत! पोरगा म्हणतो, "सर, तुम्ही आयुष्यभर काम काय केलंत?" म्हटलं, माग चालवला. इथं बॉस्टनजवळ, फॉल रिव्हर गावच्या कापडगिरणीत, ती बंद पडेपर्यंत. बोटांवरच्या रेषा सुताबरोबर गेल्या, सुताच्या कापडात गेल्या, ते कापड अख्ख्या अमेरिकेनं अंगात घातलं, आणि आता अमेरिकाच मला विचारते, रेषा कुठायत? तुमच्या शर्टात बघा! त्यानं कसलंसं मलम चोळलं माझ्या बोटांना, तेव्हा कुठं मशीनला मी दिसलो.

उठताना पोरगा म्हणाला, "मिस्टर पाशेको, एक लक्षात ठेवा. ऑफिसरनं विचारलं आणि तुम्ही खोटं सांगितलंत, की हे कार्ड गेलं. आणि गेलं की परत मिळायचं विसरा." मी म्हटलं, बाळा, मी चौथीत शाळा सोडली. खोटं बोलायला लागते तेवढी हुशारी मला कुणी शिकवलीच नाही.

बायकोला म्हटलं, देओलिंदा, तूपण काढ. तर ती काय म्हणाली? "मला नको कुणाचा भरवसा. मी रांगेतच बरी, रांगेत चार माणसं भेटतात. गेल्या खेपेला फातिमाच्या लेकीचं लग्न जमलं ते मला रांगेतच कळलं." बरं बाई. मी सरळ पुढे, तू रांगेत. लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या आधी कुणी काही बोलणार नव्हतं.

आता इथून पुढे नीट ऐका, कारण इथून पुढे सगळे मला मूर्ख म्हणतात.

आमच्या बेटाची एक रीत आहे. अमेरिकेला जाणारा माणूस मोकळ्या हातानं जात नाही. गावातली प्रत्येक आई, मावशी, आजी इकडे असलेल्या आपापल्या माणसासाठी एकेक पुडकं देते. पांढऱ्या कापडाचं, चारी बाजूंनी शिवलेलं, वर लाल दोऱ्यानं नाव काढलेलं. नेणाऱ्यानं ते घ्यायचं, न्यायचं आणि द्यायचं. आत काय आहे हे विचारायचं नाही! विचारलंत म्हणजे त्या बाईला तुम्ही तोंडावर चोर म्हटलंत. आजवर ही पुडकी उर्बानो न्यायचा. उर्बानो म्हणजे फॉल रिव्हरला आमच्या समोरच्या घरात राहतो तो, पोट पुढे नि माणूस मागे. तो प्रत्येक उन्हाळ्यात आमच्याच विमानानं येतो नि आमच्याच विमानानं जातो, याला माझा इलाज नाही.

त्या वर्षी देओलिंदानं काय केलं? चर्चच्या पायरीवर उभी राहून सांगितलं, "आमच्या एव्हारिस्तोला आता कुणी थांबवत नाही हो! त्याला कार्ड मिळालंय. राजासारखा आत जातो!" झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडतो तो अंगणात बायका. एकीमागे एक, प्रत्येकीच्या हातात पुडकं. तुम्हाला सांगतो, विमानतळावरची रांग चुकावी म्हणून मी कार्ड काढलं, तर ती रांग समुद्र ओलांडून माझ्या दारात येऊन उभी राहिली!

"एव्हारिस्तो, एवढं एकच घे रे." "काका, माझंपण, हलकंच आहे." "उर्बानोकडे नाही दिलं हो, तू भरवशाचा माणूस!"

भरवशाचा माणूस! आता काय बोलणार? नाही म्हणालो तर भरवशाचा नाही, आणि हो म्हणालो तर… हो म्हणालो. आणि सगळ्यात शेवटी आली ओलिंपियाकाकी. ती म्हणजे अख्ख्या गल्लीत सगळ्यात म्हातारी, कंबरेत वाकलेली, पण शिवण बघावी तर मशीननं घातल्यासारखी. तिचा दुआर्त इकडे छपरं बसवतो, कितीतरी वर्षांत गावी फिरकला नाही. ती म्हणाली, "हे माझ्या दुआर्तच्या हातात दे. दुसऱ्याच्या हातात नको."

मी म्हटलं, "काकी, आत काय…" देओलिंदानं शेजारून पाय असा दाबला माझा, की अजून पाऊस येणार असला की त्या पायाला आधी कळतं. काकी म्हणाली, "मऊ आहे. जपून ने."

मऊ आहे! सूटकेस बंद होईना. माझे कपडे काढले, पुडकी भरली, देओलिंदा वर बसली, तेव्हा बंद झाली. माझे शर्ट बेटावर राहिले आणि मी अख्खं गाव घेऊन निघालो.

वास येत होता का? येत होता. पण वास म्हणजे काय पुरावा आहे? आमच्या बेटावर शाळेला, पोस्टाला, पाद्रीबाबांच्या झग्याला, सगळ्यालाच तो वास येतो. विमानात मी डोळे मिटून बसलो. मनात एकच. मला माहीत नाही. मी बघितलेलं नाही. मला कुणी सांगितलेलं नाही. शेजारी देओलिंदा ब्रेड खात होती, शांतपणे. "काय पुटपुटतोयस?" म्हटलं, प्रार्थना. म्हणते, "मग जरा मोठ्यानं कर, मलापण पुण्य लागू दे."

बॉस्टन आलं. देओलिंदा रांगेत, उर्बानो रांगेत, मी ताठ मानेनं वेगळ्या वाटेनं. मशीनसमोर उभा राहिलो, मशीननं तोंड बघितलं, ओळखलं, हिरवं झालं. हिरवं! बोटांचीसुद्धा गरज पडली नाही. पुढे ऑफिसर. चांगला माणूस, हसला. "घरी स्वागत, मिस्टर पाशेको. खायचं काही आणलंय?"

थांबा. इथं थांबा जरा. कारण सगळे म्हणतात, इथं तू 'चीज' म्हणायचं होतंस. चीज चालतं, मांस आणायला बंदी. चीज माझ्याकडे होतं, माझं स्वतःचं, देओलिंदाच्या पिशवीत नाही, माझ्या हातातल्या पिशवीत. उर्बानो दरवर्षी 'चीज' म्हणतो. चीज म्हणतो, हसतो आणि जातो. म्हणजे खोटंही नाही बघा, चीज असतंच! फक्त चीजच्या शेजारी जे असतं ते तोंडातून बाहेर येत नाही.

मीपण म्हटलं, "चीज आणलंय."

"बरं. आणखी काही?"

त्यानं 'आणखी काही' कशाला विचारावं? मला सांगा, कशाला? बरं म्हणून सोडून द्यायचं ना! पण विचारलं. माझ्याकडे बघून विचारलं. एका बाजूला ते कार्ड, ज्याच्यासाठी मी कोट घातला होता. दुसऱ्या बाजूला ओलिंपियाकाकी आणि अंगणातल्या सगळ्या बायका. मधे मी.

मी म्हटलं, "माहीत नाही."

"माहीत नाही?"

"नाही."

"बॅग तुमचीच ना?"

"बॅग माझी."

"मग भरली कुणी?"

"गावानं."

"कुठल्या गावानं?"

"अख्ख्या."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे. मागे माणसं येऊन उभी राहायला लागली, वेगळ्या वाटेवर! त्या वाटेवर कधी कुणी थांबत नाही, तिथं माझ्यामुळे रांग लागली! मागून एक टाय लावलेला माणूस म्हणतो, "इथंपण रांग? मग कार्ड कशाला काढलं?" मी वळून म्हटलं, गप उभा राहा, भरवसा तपासणं चाललंय.

मग मला पाठवलं बॅगांच्या पट्ट्याकडे. माझी सूटकेस आली, उचलली, आणि कुठून तरी एक कुत्रं आलं. लांब कानांचं, अंगात निळं जाकीट. सरकारी नोकर. आलं, वास घेतला, आणि माझ्या सूटकेसशेजारी बसलं. भुंकलं नाही, गुरगुरलं नाही, नुसतं बसलं आणि माझ्याकडे बघत राहिलं. माझी सासू अशीच बसायची. मी त्याला म्हटलं, बाबा रे, मी आधीच सांगितलंय, तू उशिरा आलास. पण ते हलेना! एक पुडकं संपून दुसऱ्याचा वास सुरू होत असणार, त्याला सुट्टी कुठली?

आत एक लांब टेबल. त्यामागे मिस हॅलोरन. उंच बाई, हातमोजे घातलेले, खांदे मागावरच्या कामगारासारखे. म्हणाली, "काय आहे ते एकेक बघू." आणि कात्री घेतली.

पहिलं पुडकं, मिरचीचा ठेचा, बाटलीत. चालेल, म्हणाली. दुसरं, लोकरीचे मोजे. मला म्हणाली, "छान आहेत." आणि मोज्यात हात घातला. मोज्यातून शोरीसो! दुसऱ्या मोज्यातून शोरीसो! एका पायाला एक, अगदी मापाचं! तिसऱ्या पुडक्यात द्राक्षाच्या वेलाची काडी, मुळाला माती, बाळाला गुंडाळावं तशी ओल्या फडक्यात गुंडाळलेली. मिस हॅलोरन म्हणाली, "अरे देवा." चौथ्यात चीज, आणि मला हायसं वाटलं, आणि तिनं चीज उलटं केलं तर मागून पोकळ, आणि पोकळीत शोरीसो! ती माझ्याकडे बघते, मी छताकडे बघतो.

एवढ्यात देओलिंदा आणि उर्बानो सामान घेऊन काचेपलीकडून चाललेले दिसले. अजगराच्या पोटातून बाहेर आले माझ्या आधी! देओलिंदा थांबली. काचेला नाक लावून ओरडली, "काय झालं?" मी ओरडलो, "विचारलं म्हणून सांगितलं! म्हटलं मला माहीत नाही!" ती म्हणते, "माहीत नाही? अरे माणसा, अख्ख्या गावाला माहीत होतं!" उर्बानो मागून पोट हलवत ओरडतो, "चीज म्हणायचं, एव्हारिस्तो! चीज!" अरे, माझ्यासमोर टेबलावर चीज उघडं पडलंय, त्याचं पोट फाडून ठेवलंय, आणि हा मला चीज शिकवतो!

शेवटी राहिलं काकीचं पुडकं. मिस हॅलोरननं कात्री लावली, मी म्हटलं, बाई, थांबा. ही शिवण कापायची नाही. मी उसवतो. तिनं दिलं. गाठ सापडली, दोरा ओढला, सबंध दोरा निघाला, कुठंही न तुटता. आत दोन शोरीसो, आणि मधे तमालपत्राची पानं, धुराचा वास लागू नये म्हणून नाही, लागलेला जाऊ नये म्हणून. बाकी काही नाही. चिठ्ठी नाही, काही नाही. मिस हॅलोरननं एक पान उचलून हुंगलं. मग म्हणाली, "माझी आजी आयर्लंडहून काळं सॉसेज आणायची, छत्रीत घालून. मला माफ करा." आणि बाकीच्यांसारखं तेही कचऱ्याच्या पिंपात टाकलं. कापड आणि दोरा माझ्या हातात दिला.

मी कार्ड काढून तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, घ्या. म्हणाली, "हे तुमचंच. तुम्ही आधी सांगितलंत. लपवलं असतंत तर गेलं असतं." आणि खिशात घालून दिलं! ऐकलंत? खिशात घालून दिलं! मी भरवशाचा माणूस. तपासून, उसवून, उलटून बघितलेला!

बाहेर आलो. दारात आमचं सगळं फॉल रिव्हर उभं. दरवर्षी येतात, पुडकी घ्यायला. दुआर्तची मोठी व्हॅन असते, सगळे त्यातूनच येतात आणि जाताना आम्हालाही घेऊन जातात. मी सूटकेस उघडली. मोजे ज्याचे त्याला दिले. पायात घालण्याजोगे, एवढंच. ठेच्याची बाटली दिली, फडकी दिली. चीज दिलं, पोकळ. एकानं चीजच्या भोकातून माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "काका, वेल?" म्हटलं, पिंपात. "आणि बाकीचं?" पिंपात. "सगळं?" सगळं.

दुआर्तनं आईचं कापड घेतलं. नाकाला लावलं. तो धिप्पाड माणूस, छपरावर चढतो, वाऱ्याला भीत नाही. म्हणाला, "धूर आहे अजून." मग म्हणाला, "एव्हारिस्तोकाका, एक शब्द गिळता आला नाही तुम्हाला?" मी म्हटलं, "शब्द माझा होता, दुआर्त. शोरीसो तुझं होतं, आणि त्याचं मला वाईट वाटतं." कापडाची घडी करून शर्टाच्या आत ठेवली त्यानं. घरापर्यंत व्हॅनमध्ये शोरीसो कुणाला मिळालं नाही. वास मात्र सगळ्यांनी घेतला.

मग सुरू झालं. क्लबात पत्ते खेळायला बसलो की म्हणणार, "एव्हारिस्तोला पानं दाखवू नका, तो ऑफिसरला सांगेल." उत्सवाच्या पंगतीला बसलो, वाढणारा म्हणतो, "सरकारचा भरवसा आहे ना? मग सरकारकडे जेवा!" ओलिंपियाकाकीला मी फोन केला. मी, स्वतः. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "सरकारला जेवू घातलंस, माझ्या लेकाला नाही." म्हटलं, "काकी, विचारलं त्यांनी." म्हणते, "विचारणारच. विचारायचा पगार मिळतो त्यांना. तुला काय मिळालं?" मी म्हटलं, कार्ड राहिलं. तोपर्यंत फोन ठेवला होता तिनं.

पुडकी पुन्हा उर्बानोकडे. आणि उर्बानो काय करतो माहीतेय? अर्धं पोचतं, अर्धं पोचत नाही. विचारलं तर म्हणतो, "विमानतळावरच्या कुत्र्यानं खाल्लं." ते कुत्रं खात नाही! मी बघितलंय, सरकारनं शिकवलेलं कुत्रं आहे, ते बसतं! खाणारं पोट मला माहीत आहे कुणाचं ते! पण कोण ऐकतं? लोक म्हणतात, "बिचारा उर्बानो, निदान अर्धं तरी आणतो." निदान! अर्ध्या भरवशाचा माणूस पूर्ण गावाचा लाडका, आणि पूर्ण भरवशाचा माणूस… पण मला पस्तावा नाही. उद्या पुन्हा विचारू दे, मी पुन्हा तेच सांगेन. मोठ्यानं सांगेन.

या उन्हाळ्यात पुन्हा गेलो. येताना सूटकेस हलकी, माझे शर्ट, बस्स. मशीन हिरवं. तोच ऑफिसर. "खायचं काही?" म्हटलं, चीज. "आणखी?" म्हटलं, काही नाही. बघितलं त्यानं माझ्याकडे, मान हलवली. त्या हॉलमधल्या सगळ्या माणसांत सगळ्यात पहिला बाहेर कोण आला? मी! देओलिंदा अजून आत रांगेत, उर्बानोच्या शेजारी, गप्पा मारत. विमानतळाच्या दारात मी एकटा, ताठ उभा, आणि समोर आमचं सगळं फॉल रिव्हर. मी हात वर केला. सगळे माझ्या मागे बघत होते.

दुआर्त म्हणाला, "काका, आत उर्बानो दिसला का?"

म्हटलं, "दिसला. बराच मागे आहे."

"मग थांबू. उभे राहा इथंच."

आता काय करणार? व्हॅन दुआर्तची. उभा राहिलो. सरकारचा सगळ्यात भरवशाचा प्रवासी, वाऱ्यासारखा देशात शिरलेला… आणि उर्बानोची वाट बघणाऱ्यांच्या रांगेत, पहिला नंबर माझा.